जिलबी, बर्फी आणि शुक्रवारचं हेरिंग

ड्युसेलडॉर्फमधल्या त्या घरात कुत्रा, मांजर, पोपट, कासव, काहीही पाळायला सक्त मनाई होती. भाडेकरारात तसं ठळक लिहिलं होतं आणि आत्माराम कुडाळकरांनी त्याखाली झोकात सही ठोकली होती. तरीही एकोणीसशे त्रेसष्टच्या वसंतात त्यांनी वरच्या मजल्यावर चक्क समुद्र आणून ठेवला.

कारण वीणा. सात वर्षांची ही पोरगी मराठी सगळं समजायची, पण उत्तर द्यायची जर्मनमध्ये. स्नेहलताबाई म्हणाल्या, "वीणा, जेवायला ये," की आतून आवाज यायचा, "मोमेंट, मामा!" म्हणजे थांब, आई. ही वेंगुर्ल्याला गेल्यावर आजीशी काय बोलणार, या काळजीने बाईंना घास गिळवत नसे. आणि मग एका रविवारी प्राणिसंग्रहालयात वीणाने क्लाउनफिश पाहिले. केशरी अंगावर पांढरे पट्टे, एवढेसे मासे. पाटीवर हिंदी महासागराचा नकाशा होता. तो पाहून वीणाने काचेला नाक लावलं आणि शुद्ध मराठीत विचारलं, "काय रे, थंडी वाजते का तुम्हाला?"

आईबाप जागच्या जागी उभे राहिले.

"ते इंडियाचे आहेत ना," वीणाने जर्मनमध्ये खुलासा केला. "त्यांना डॉइच कसं येणार?"

"अहो, मासे घ्या!" स्नेहलताबाई नवऱ्याच्या कोटाला लोंबकळल्याच. "करार गेला खड्ड्यात. पोरगी बोलतेय!"

टाकी आली, हवेचा पंप आला, समुद्राच्या मिठाची पिशवी आली. दुकानदार पाण्याचा खारटपणा मोजायची काचेची नळीही देत होता, पण कुडाळकरांनी ती बाजूला सारली. "अहो, वेंगुर्ल्याचा माणूस मी. अर्धं बालपण समुद्राचं पाणी नाकातोंडात जाण्यात गेलंय. मला शिकवताय?" घरी त्यांनी मीठ ढवळलं, चमच्याने चव घेतली, डोळे मिटले. "थोडं लागेल अजून." मग बायकोला चाखवलं. तिने तोंड वाकडं करून सिंकमध्ये थुंकलं, तेव्हा ते म्हणाले, "हां! आता जमलं." दुकानदाराने नमुना तपासला, एकदा पाण्याकडे आणि एकदा कुडाळकरांच्या जिभेकडे पाहिलं आणि मुकाट्याने दोन मासे दिले. वीणाने त्यांची नावं ठेवली जिलबी आणि बर्फी.

घरात टाकी पेलेल असं भक्कम कपाट एकच होतं, आणि त्यावर बाईंचे देव होते. गणपती, अन्नपूर्णा, समई, कुंकवाची कोयरी. बाईंनी देवांना जरा सरकून घ्यायला लावलं आणि टाकी मधोमध बसली. वीणा शाळेतून येऊन तिथेच ठाण मांडायची. शाळेतली भांडणं, वर्गशिक्षिकेची नवी टोपी, दुपारची बटाट्याची भाजी, सगळं माशांना मराठीत सांगायची. आई दाराआड उभी राहून ऐकायची आणि डोळे पुसायची.

पण पंप घरघरायचा. आणि रविवारची दुपार म्हणजे जर्मनीत टाचणी पडली तरी गुन्हा. दारावर टकटक झाली. खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई, फ्राउ हेकमान, हाताची घडी घालून उभ्या.

"हेर कुडाळकर, ही घरघर कसली?" म्हणत त्या आत आल्या आणि टाकीपुढे थबकल्या. "आल्झो! प्राणी! उद्याच्या उद्या हे घराबाहेर गेलं पाहिजे!"

वीणाचा चेहरा रडवेला झाला. आता मासे जाणार आणि त्यांच्याबरोबर मराठीही जाणार! कुडाळकरांनी घाबरून टाकीकडे पाहिलं. बाजूला समई तेवत होती, उदबत्तीचा धूर काचेवरून वर चालला होता. त्यांच्या तोंडून निघून गेलं, "प्राणी नाहीत हो! देव आहेत!"

"देव?"

"आमच्या विष्णूचा पहिला अवतार. मासा. जगबुडी झाली तेव्हा त्याने नाव ओढली."

"म्हणजे आमच्या नोआसारखं?" फ्राउ हेकमान पक्क्या कॅथलिक. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "आणि नावं काय यांची?"

"जिलबी उंड बर्फी," वीणा म्हणाली.

"जिलबी," बाई भक्तिभावाने पुटपुटल्या आणि पाय न वाजवता खाली गेल्या.

इथवर सगळं छान होतं. पण पुढच्या रविवारी त्या बहिणीला आणि चर्चमधल्या दोन मैत्रिणींना घेऊन आल्या, हातात ट्यूलिपची फुलं. आता पूजा दाखवणं भाग होतं. कुडाळकरांनी पायजमा चढवला, टाकीपुढे उभं राहून गणपतीची आरती म्हटली. बायकोने घंटा वाजवली. बर्फी घाबरून दगडामागे गेली, तेव्हा पाहुण्यांना वाटलं की देवी प्रसन्न झाली.

"पण एक लक्षात आलं का तुमच्या?" पाहुण्या गेल्यावर स्नेहलताबाई म्हणाल्या. "आता घरात मासे तळता यायचे नाहीत. वास थेट खाली जातो. देवाला फोडणी दिली म्हटल्यावर ती आपल्याला सामानासकट बाहेर काढेल."

कुडाळकर मटकन खाली बसले. वेंगुर्ल्याचा माणूस आणि मासळी बंद! कोबी झाला, बटाटा झाला, पुन्हा कोबी झाला. माणूस वाळायला लागला. शेवटी एका शुक्रवारी, ऑफिस सुटल्यावर ते स्टेशनजवळच्या टपरीवर गेले, पावात घातलेलं हेरिंग घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पहिला घास घेतला. अहाहा! सुखाने ते वळले.

समोर फ्राउ हेकमान. त्यांच्याही हातात पाव, पावात हेरिंग.

दोघांचे घास तोंडातच राहिले.

"आज शुक्रवार, मांस वर्ज्य," बाई लाजून म्हणाल्या. "आम्हाला मासाच लागतो. पण तुमचे देव वर असताना घरात कसा तळू? म्हणून इथे येते." मग त्यांची नजर कुडाळकरांच्या पावावर गेली. "पण... तुम्ही? आपलाच देव खाता?"

कुडाळकरांना वीणा दिसली, टाकी दिसली, जिन्यावर फेकलेलं सामान दिसलं. बाई मात्र विचारात पडल्या होत्या.

"खरं म्हणजे," त्या हळूहळू म्हणाल्या, "तसं आम्हीही दर रविवारी चर्चमध्ये तेच करतो. येशूचं शरीर म्हणून प्रसादाचा पाव खातो." आणि शांतपणे पुढचा घास घेतला.

पुढच्या शुक्रवारी खालून ताट आलं. कुरकुरीत तळलेलं हेरिंग, वर लिंबाची फोड. कुडाळकर टाकीसमोरच्या टेबलाशी बसले, बाह्या सारल्या, हात पुढे केला.

"बाबा!" वीणा किंचाळली. "तुम्हाला काही लाज? जिलबी बघतेय ना! तिला काय वाटेल? उचला ते ताट आधी!"

"अहो, ऐकलंत?" स्नेहलताबाईंनी नवऱ्याचा दंड धरला. "तुम्हाला बोलली! मराठीत रागावली!"

कुडाळकरांचेही डोळे भरून आले. अर्धे लेकीमुळे, अर्धे हेरिंगमुळे. "ऐकलं गं बाई," ते म्हणाले आणि ताट घेऊन उठले. "ज्याचं त्याला परत देऊन येतो."

ताट परत करायला त्यांना बराच वेळ लागला. तेव्हापासून दर शुक्रवारी संध्याकाळी ते पंपाच्या आवाजाबद्दल बोलायला म्हणून खाली जातात, आणि वर येताना मिश्या पुसत येतात.