पंधरा घंटा आणि एक सासरे

आवक विभागातल्या बाईंचे सासरे अकरा वाजून दहा मिनिटांनी कार्यालयाच्या लिफ्टमध्ये अडकले. सासऱ्यांना दमा. त्यांनी आतून घंटा दाबली आणि ती नियमाप्रमाणे सूनबाईंच्याच टेबलावर वाजली.

बाई ताडकन उठल्या. हेडक्लार्कनी चष्म्यावरून पाहिलं.

"बसा. किती झाल्या?"

"एक. अहो, आमचे सासरे आहेत आत."

"आत कोण आहे, ही चौकशी पेशी करत नसते."

साहेब मज्जासंस्थेवरचं व्याख्यान ऐकून आल्यापासून कार्यालयातला प्रत्येक कर्मचारी चेतापेशी झाला होता. परिपत्रक स्पष्ट होतं. किरकोळ संदेशाने पेशीने हलायचं नाही. उंबरठा ओलांडला तरच पुढे कळवायचं. उंबरठा, मिनिटाला पंधरा घंटा.

सासऱ्यांनी जीव खाऊन सोळा वाजवल्या.

"तीन वजा," हेडक्लार्क म्हणाले. शेजारच्या शमन विभागाकडून 'आवरा' अशा तीन चिठ्ठ्या आल्या होत्या. शरीरातही काही पेशी आवरायला सांगतात म्हणे. इथे त्यांची झोपमोड झाली होती.

"किती जोरात दाबताहेत, ऐका तरी."

"जोर धरत नाही आपण. संख्या धरतो."

दुसऱ्या मिनिटाला एकोणीस झाल्या. बाईंनी कागद लिहिला आणि पुढच्या टेबलाकडे हात लांबवला.

"हातोहात नाही. दोन पेशींमध्ये फट असते. फटीतून रसायन नेतं."

रसायन म्हणजे शिपाई. रसायन तंबाखू मळत होतं.

कागद एकदाचा सुटला. मग परिपत्रकाप्रमाणे बाईंची विश्रांती सुरू झाली, कारण संदेश दिल्यावर पेशी क्षणभर बधिर असते. क्षणाची मुदत कार्यालयाने दहा मिनिटं ठरवली होती. त्या काळातल्या घंटा हिशेबात नव्हत्या. सासरे वाजवत होते, पण दोन घंटांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

कागद साहेबांपर्यंत पोचला. साहेब म्हणजे मेंदू. मेंदूला स्वतःला काही दुखत नाही, हे व्याख्यानातलं वाक्य त्यांना फारच आवडलं होतं. त्यांनी 'पाहिले' असा शेरा मारला.

बाईंनी विश्रांती मोडली, लिफ्टपाशी धावल्या आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांना म्हणाल्या, "दार ओढायला चार माणसं हवीत हो."

तिघं थांबले. वीतभर फट पडली. सासऱ्यांचं नाक बाहेर आलं, श्वास मिळाला. बाकीचे सासरे आतच राहिले.

चौथे तुम्ही होता. "कळवलं असेल की कुणीतरी," असं म्हणून जिन्याने वर गेलात.