वडप्याचे पाच स्टार

"एक म्हणतो, सिनेमात जीव नाही," दामूनं मोबाइलवरचं वाचून दाखवलं. "दुसरा म्हणतो, कादंबरीतली जादू चित्रांत उतरलीच नाही. तिसऱ्यानं दीड स्टार दिलाय. अर्धा स्टार काय भीक घातली का रं?"

"हलू बोला. पोरगी आत हाय," गुणाबाई म्हणाली.

आत रीमा पालथी पडून होती. जादूच्या एका जाडजूड कादंबरीवरून काढलेला तो कार्टून पिक्चर; दोन वर्षं ती मुंबईच्या स्टुडिओत त्यासाठी राबली होती. तिनं त्यात नेमकं काय केलं, हे दामूला काही उमगलं नव्हतं. शेवटच्या नावांत तिचं नाव दिसलं तेव्हा त्यानं थिएटरात उभं राहून टाळ्या पिटल्या होत्या, बास! आणि आता पोरगी म्हणत होती, हे कामच सोडते. ताटाला हात लावत नव्हती. बापाचा जीव नुसता कासावीस झाला.

दामू भिवंडीजवळ वडप्याला, ऑनलाइन मालाच्या गोदामात मुकादम. जेवणाच्या सुट्टीत त्यानं सगळ्यांना गोळा केलं.

"पोरीचा पिक्चर हाय. समद्यांनी पाच-पाच स्टार टाका, न वर चांगले चार शब्द लिवा."

"पन आमी बघितलाच न्हाय," काळूराम म्हणाला.

"मिक्सर पाठवतोस, तो कदी चालवून बघतोस का? टाक गुमान!"

माणसं मायेची. गिऱ्हाइकं पार्सलबद्दल काय लिहितात ते त्यांना तोंडपाठ होतं, तेच लिहून मोकळी झाली. 'पॅकिंग मजबूत.' 'फोटोत दाखवला तसाच निघाला.' 'धुतल्यावर रंग जात नाही.' 'डिलिव्हरीवाला भाई बहुत अच्छा था.' काळूरामनं तर एक साइज मोठा मागवायचा सल्लाही दिला.

झालं! दुसऱ्या दिवशी एका समीक्षकानं ते सगळं जगजाहीर केलं: 'विकत घेतलेली वाहवा!' साइटनं भिवंडीचे सगळे पाच स्टार पुसून टाकले. रीमाला स्टुडिओच्या साहेबांचा फोन आला.

"बाबा, 'रंग जात नाही' कोणी लिहिलं?" ती दारात येऊन उभी राहिली. "आता मी सोडायच्या आधी तेच काढतील मला."

दामूला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. नजर चुकवायला त्यानं मोबाइल उघडला, तर भिवंडीचा एकच अभिप्राय शिल्लक. एक स्टार!

"कोन हा वैरी?"

"मी," तांदूळ निवडता निवडता गुणाबाई म्हणाली. "मोबाइलला बोलून लिवलाय. खोटा कशाला सांगू?"

"आय हायस का कोन?"

रीमानं मोबाइल ओढून घेतला आणि मोठ्यानं वाचू लागली. "पिक्चर लय लांब. राजाचा पोर आयेला न सांगता जातो, ता मना पटला न्हाय. पन म्हातारी ऊन पान्याच्या कुंडावर वाकते, तवा वाफ तिच्या तोंडावर येते न केस ओले होतात. ती वाफ आमच्या गणेशपुरीची. मना माजी आय दिसली. एक स्टार त्या वाफेचा."

ती तशीच आईजवळ खाली बसली.

"आई, त्या पिक्चरमधे मी फक्त ती वाफच केलीय गं."

"दोन वर्षं?" दामूनं विचारलं.

"दोन वर्षं."

मग ती हसली, रडली, आणि साहेबांना फोन लावून म्हणाली, "सर, तो उद्योग माझ्या वडलांचा. सोमवारी येते, काय ते तोंडावर बोला." फोन ठेवून तिनं स्वतःच ताट वाढून घेतलं.

दामूनं डोळे पुसले. मग हळूच बायकोला म्हणाला, "एवडी आवडली व्हती, तर पाच द्यायचे व्हतेस."

"पोरीच्या वाट्याचा पुरा दिला," गुणाबाई म्हणाली. "बाकीच्यांचे चार मी कशाला देऊ?"