सोमवारचे गुरुजी, बुधवारचा शिंपी

"मी नसतो, तर या गावाला साधी आगपेटी मिळाली नसती!"

निवृत्त हेडमास्तर गुरुजी हे वाक्य दिवसातून तीनदा म्हणत, डॉक्टरांनी लिहून दिल्यासारखं. आणि ते खोटंही नव्हतं. गावात दुकान एकच. म्हातारा दुकानदार थकला, लेकीकडे राहायला निघाला आणि दुकानाला कुलूप लागायची वेळ आली. पुढचं दुकान अकरा किलोमीटरवर! तेव्हा गुरुजी छत्री घेऊन घरोघरी फिरले. बेचाळीस जणांनी मिळून दुकान घेतलं आणि गल्ल्यावर बसायचे वार वाटून घेतले. सोमवार गुरुजींचा, बुधवार शिंप्याचा.

आणि इथेच माशी शिंकली!

सोमवारी गुरुजी दिवसभर वजनकाट्याशी ताठ बसत. गिऱ्हाईक यायचं ते दबकत, पाढे पाठ नसल्यासारखं. बुधवारी मात्र दुकानात जत्रा! शिंपीदादा साबण देता देता कुणाचं बटण लावून द्यायचा, कुणाच्या सुनेची चौकशी करायचा, आणि असा हसवायचा की ते हसू रस्ता ओलांडून थेट गुरुजींच्या खिडकीत यायचं. गुरुजी खिडकी लावून घेत. मग फटीतून माणसं मोजत.

"एकतीस! अहो, एकतीस माणसं! साबणाला एवढं हसण्यासारखं काय असतं?"

"तुम्हाला नाही कळायचं," काकू, म्हणजे गुरुजींची बायको, पिशवी घेऊन चपला घालत म्हणाली.

"तू कुठे निघालीस?"

"मीठ आणायला."

"सोमवारी का नाही आणलंस? मी होतो की!"

"सोमवारी मीठ होतं," काकू म्हणाली आणि गेली. चांगली पाऊण तासाने आली. हसत!

गुरुजींच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात येत्या सोमवारी संध्याकाळी शाळेच्या हॉलमध्ये दुकानाची सभा होती. वारावारीने गोंधळ होतो, म्हणून एक कायमचा व्यवस्थापक निवडायचा होता. उमेदवार दोन. कोण, ते सांगायला नकोच.

"बटणं लावून दुकान चालत नाही. शिस्त लागते!" गुरुजींनी जाहीर केलं.

सोमवारी उजाडताच त्यांनी दुकान उघडलं आणि सगळा माल बाराखडीप्रमाणे लावून टाकला! 'ख'मध्ये खिळे आणि खोबरेल, 'म'मध्ये मीठ, मेणबत्त्या आणि मच्छर मारायचं औषध. कपाटाला अक्षरांच्या पाट्या. बरण्यांवरच्या जुन्या चिठ्ठ्या वेड्यावाकड्या अक्षरातल्या होत्या, त्या ओल्या फडक्याने पुसून काढल्या. सोड्याच्या दोन बरण्या होत्या, एक खायच्या सोड्याची, एक धुण्याच्या. त्यांवर वळणदार अक्षरात लिहिलं 'सोडा १' आणि 'सोडा २'. कुठला कुठला, ते एका कागदावर टिपून ठेवलं.

पहिलं गिऱ्हाईक पोस्टमन. "गुरुजी, माचिस द्या."

गुरुजी 'म'कडे धावले. नाही. 'आगपेटी' म्हणून 'आ'कडे. तिथेही नाही. शेवटी 'काडेपेटी' म्हणून 'क'मध्ये सापडली. तोवर पोस्टमनने शिळ्या बातम्यांचा पेपर पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढला होता!

दुपारी बेकरीवाली मावशी घाईघाईने आली. "गुरुजी, सभेसाठी केक करतेय. खायचा सोडा द्या पटकन."

गुरुजींनी कागद शोधला. कागद नव्हता. सकाळी कुणाला तरी त्यात टाचण्या बांधून दिल्या होत्या! पण 'ठाऊक नाही' हे दोन शब्द चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या तोंडून कधी निघाले नव्हते.

"एक नंबर!" ते ठासून म्हणाले. "आधी मान माणसाचा, मग कपड्यांचा!"

संध्याकाळी हॉल भरला. नर्सबाई अध्यक्ष. केक वाटला गेला आणि गुरुजी भाषणाला उभे राहिले. आपण छत्री घेऊन कसे फिरलो, कुणाच्या दारात कुत्रं कसं अंगावर आलं, सगळं सांगू लागले. आणि काय आश्चर्य! पोस्टमनच्या डोळ्यांत पाणी. मावशीने पदर तोंडाला लावलेला. मागच्या रांगेतली माणसं तर भावना न आवरून उठून बाहेर पळाली!

गुरुजींनी हात उंचावून सगळ्यांना थांबवलं. "रडू नका," ते म्हणाले. "मी माझं कर्तव्य केलं."

"गुरुजी, केक!" पोस्टमन कसाबसा बोलला. "साबण चावल्यासारखा लागतोय!"

एकच हलकल्लोळ! नर्सबाईंनी सगळ्यांना नळावर पिटाळलं. "चुळा भरा! केक गिळू नका! घाबरू नका, काही होत नाही!" मावशी संतापून उभी राहिली. "सोडा दिला कुणी असला?"

गुरुजींच्या पायाखालची जमीन सरकली. आणि तेवढ्यात शिंपीदादा ओलं तोंड पुसत म्हणाला, "माझंच चुकलं, मावशी. बुधवारी मीच बरण्या उलट्या ठेवल्या असणार."

मावशीचा राग कुठल्या कुठे पळाला. "असू दे रे, होतं असं. किती राबतोस तू!"

"किती मोठ्या मनाचा माणूस!" कुणीतरी म्हणालं. काकूसुद्धा मान डोलावू लागली!

हे मात्र गुरुजींना सोसवेना. गिऱ्हाईक नेलं, हसू नेलं, आता चूकही याच्याच नावावर?

"खबरदार!" ते गरजले. "चूक माझी आहे! सोडा मी दिला! याचा काडीचा संबंध नाही!"

मग नर्सबाईंनी टाळी वाजवली आणि पाठोपाठ सगळ्यांनी. "गुरुजी चुकले म्हणाले! स्वतः!" गुरुजींना आयुष्यात एवढ्या टाळ्या पडल्या नव्हत्या. आता निवडणूक आपलीच, असं त्यांना वाटलं.

मतांच्या चिठ्ठ्या मोजल्या. शिंपीदादा चाळीस. गुरुजी दोन.

गुरुजींनी छत्री उचलली. दोन तर दोन. एक स्वतःचं, एक घरचं. गाव फिरलं तरी बायको फिरत नाही! घरी जाताना ते काकूकडे फार प्रेमाने पाहू लागले. छत्रीसुद्धा तिच्या डोक्यावर धरली.

तेवढ्यात मागून शिंपीदादा धापा टाकत आला आणि त्यांच्या कानाशी लागला.

"गुरुजी, मनाला लावून घेऊ नका हं. माझं मत तुम्हालाच होतं!"

गुरुजींनी मनात वजाबाकी केली. पुन्हा केली. मग त्यांनी काकूकडे पाहिलं.

काकू चालण्याचा वेग वाढवून बरीच पुढे निघून गेली होती.