वार्निशचा दुसरा हात

बाळांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात पाणवठा आटला, तेव्हा सिंहमहाराजांनी विहीर खणून तिच्यावर मोटर बसवली. जंगलाची प्रगती झाली. आठव्या दिवशी मोटर जळली.

जळकी मोटर भरून देणारे जंगलात दोघंच. सुगरणताई आणि वानरराव. सुगरण तांब्याची तार घरट्यासारखी निगुतीनं गुंडाळायची, मग अख्खी गुंडाळी वार्निशात बुडवून दिवसभर भट्टीत वाळवायची.

"एवढा खटाटोप कशाला गं?" हरणीनं विचारलं. तिचं पाडस तहानेनं जीभ काढून बसलं होतं.

"मोटर थरथरते, बाई. तारेवर तार घासते नि जळते. वार्निश आत मुरलं की तार जागची हलत नाही."

हे महाराजांच्या कानावर गेलं. लगेच हुकूम निघाला. मोटरीला वार्निश हवंच! दोघांनी एकेक मोटर भरावी. ज्याची मोटर नापास, त्याचं दुकान बंद.

तपासायला बगळेसाहेब आले. पांढरेशुभ्र. लांब मान, लांब चोच. आत डोकावण्यासाठीच देवानं घडवलेले.

सुगरणीची मोटर बाहेरून मळकट होती.

"वार्निश कुठाय?"

"आत आहे, साहेब. झाकण काढते, बघा."

"आत? माझी चोच काळी होईल!"

वानररावानं तार कोरडीच कोंबली होती आणि सगळं वार्निश वरून फासलं होतं. मोटर लखलखत होती. बगळेसाहेबांनी तिच्यात पाहून तुरा सारखा केला.

"पास!"

सुगरणीच्या दुकानाला कुलूप लागलं. तिसऱ्या दिवशी वानररावाची मोटर धूर सोडून बसली. चौकशी झाली. निष्कर्ष निघाला की वार्निशचा एकच हात मारला होता, दुसरा मारायला हवा.

वानरराव मोटर पोत्यात घालून गुपचूप सुगरणीकडे आला.

"ताई, तेवढं आतलं बघ ना. वरचं मी बघतो."

"चल, नीघ इथून!" सुगरण म्हणाली. तेवढ्यात तिला दारात पाडस दिसलं. आता ते जीभसुद्धा काढत नव्हतं.

तिनं भट्टी पेटवली.

आज मोटर झकास चालते. पाडस पोटभर पाणी पितं. दुसऱ्या हाताबद्दल वानररावाला शाल-श्रीफळ मिळालं. सुगरणीलाही महाराज विसरले नाहीत. बंद दुकानातून धूर का निघाला, अशी तिला नोटीस आली आहे.

तात्पर्य: मुलांनो, वार्निश जरूर लावावं, पण साहेबांचा तुरा दिसेल तिथंच. आतलं काय, कुणीतरी करतंच.