इंजिन तापेपर्यंत

मोरोक्कोच्या डोंगरातल्या अझरू गावी टॅक्सीवाल्या बासूच्या धाकट्या मुलीचं, फादमाचं लग्न झालं, त्या वर्षीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. लग्नाच्या तंबूत चहाचा तिसरा पेला हातात घेऊन बासूने सगळ्यांदेखत छाती ठोकून सांगितलं होतं, "अझरूच्या बर्फात माणसं उठत नाहीत, पण माझी टॅक्सी उठते! वीस वर्षांत सकाळी एकदा खोकली असेल तर दाखवा!"

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण तेवढ्यात शेजारचा मिमून आहेराचा मेंढा ओढत आत आला आणि बासूची जीभ घसरली. "अरे मिमून, मेंढा आणलास की मांजर?"

सगळा तंबू हसला. मिमून हसला नाही. त्याने मेंढा खांबाला बांधला आणि न जेवता घरी निघून गेला.

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. आणि आठवड्याभरात बासूची टॅक्सी खोकायला लागली!

खोकला तरी कसला! सोमवारी पहाटे किल्ली फिरवली, तर गाडी रुसलेल्या उंटासारखी गुरगुरली, गदागदा हलली आणि पांढऱ्या धुराचा लोट सोडून गप्प झाली. तो लोट गेला थेट मिमूनच्या अंगावर. बिचारा मशिदीतून पहाटेची नमाज पढून, धुतलेला झगा घालून येत होता.

"या गल्लीत हल्ली माणसांना धुरी देतात वाटतं!" मिमून भिंतीला म्हणाला.

"ज्याला धूर सोसत नाही, त्याने दुसऱ्या गल्लीने जावं!" बासूने स्टिअरिंगला सांगितलं.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. बासूची बायको तूदा, तिची मूत्रपिंडं निकामी झाली होती. दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सातला मेकनेसच्या इस्पितळात यंत्रातून तिचं रक्त धुऊन घ्यावं लागे. उशीर झाला की खाट दुसऱ्याला जाई.

अल्लाल मिस्त्रीने थंडीत इंजिन तापवणारे चारही हीटर प्लग बदलले, डिझेलची गाळणी बदलली, बॅटरी तपासली. गाडी खोकतच राहिली. शेवटी तो म्हणाला, "पहाटे समोर उभं राहून बघितल्याशिवाय कळायचं नाही."

दुसऱ्या दिवशी पहाटे तो आला आणि खिडकीवर कोपर टेकून उभा राहिला. "सलाम बासूदादा! बरं ना? घरचे बरे? वहिनी बऱ्या? फादमा रुळली का सासरी? जावई? त्याची आई? भाऊ काय म्हणतो? मेंढरं बरी?"

बासूने अर्धी फिरवलेली किल्ली हातात धरून प्रत्येकाला "देवाची कृपा" म्हटलं, मग उलट सगळं विचारलं. नंतर किल्ली पुरी फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात सुरू!

"कुठे खोकते?" अल्लाल म्हणाला.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी अल्लाल चिडला. "माझी पहाटेची झोप फुकट आलीय का रे? तू गाडीवाला आहेस की जादूगार?"

पुढच्या गुरुवारी बर्फ पडला. अल्लाल आला नाही. गाडी खोकली, खोकली, बॅटरी बसली. दोन शेजाऱ्यांनी उतारावरून ढकलली तेव्हा कुठे सुरू झाली. मेकनेसला पोचायला नऊ वाजले. खाट गेली होती. तूदा शनिवारपर्यंत तशीच घरी पडून राहिली. पाय सुजले, चेहरा सुजला. बासू दोन दिवस तिच्या उशाशी बसला, आणि त्या दोन दिवसांत त्याने एकही फुशारकी मारली नाही. शनिवारी इस्पितळाने तिला कशीबशी जागा दिली.

सोमवारी पहाटे दोघं गाडीत बसली. कोपऱ्यावर मिमून दिसला. बासूचा हात किल्लीकडे धावला. तूदाने त्याचं मनगट धरलं.

"थांबा. मला कळलंय काय बिघडलंय ते."

"तुला?"

"प्लग तापल्याचा दिवा जळून गेला, त्याला किती वर्षं झाली?"

"अकरा. मला दिवा लागत नाही. हाताला अंदाज आहे."

"हाताला नाही, तोंडाला होता. तुम्ही किल्ली अर्धी फिरवायचात आणि मिमूनशी बोलत बसायचात. त्याच्या सात पिढ्यांची चौकशी होईपर्यंत इंजिन तापायचं. आता तो दिसला की तुम्हाला पळायची घाई!"

बासूचं तोंड उघडंच राहिलं. मग तो म्हणाला, "ठीक आहे. मनात साठ मोजतो." सात मोजेपर्यंत मिमून गाडीजवळ आला आणि बासूचा हात पुन्हा आपसूक वळायला लागला.

"त्याच्याशी बोला ना," तूदा म्हणाली.

"मेलो तरी नाही!"

"मग माझ्याशी बोला."

"तुझ्याशी? तुझ्याशी काय बोलू?"

"त्याला विचारायचात तेच."

बासू काचेवरच्या बर्फाकडे बघत राहिला. सबंध गल्लीची खुशाली त्याने रोज विचारली होती. एकतीस वर्षांच्या संसारात हिला विचारल्याचं काही आठवेना.

"कशी आहेस?" त्याने पोलिसाला रस्ता विचारावा तसं विचारलं.

तूदाने बाही वर सरकवली.

"हात ठणकतो. सुई टोचतात तिथे. रात्रभर."

"कधीपासून?"

"दोन वर्षं झाली."

"सांगितलं नाहीस."

"विचारलं नाहीत."

"आणि झोप?"

"कसली झोप? अंगाला खाज सुटते. तुमच्या घोरण्याचा आवाज ऐकत पडते."

"अजून काय?"

तिने सांगितलं. बरंच होतं. मिमून केव्हाच घरात गेला, त्याचं दार लागलं, तरी ती सांगत होती. मग तीच म्हणाली, "अहो, फिरवा आता किल्ली. वितळायचं इंजिन!"

गाडी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

पुढे दर सोमवारी आणि गुरुवारी दोघं वीस मिनिटं आधी गाडीत येऊन बसत. त्या वर्षात हीटर प्लग दोनदा जळाले. "एवढा वेळ कुणी तापवत ठेवतं का?" अल्लाल ओरडला. बासू मान खाली घालून म्हणाला, "तिचं बोलणं संपलं नव्हतं."

तूदा पुढच्या वर्षी शाबान महिन्याच्या अकरा तारखेला, बुधवारी सकाळी, राहत्या घरी वारली.