घरचंच माणूस, खंड्या!

मुलांनो, कोकणात पावस गावी आमच्या शेजारी बापू राहतात. त्यांच्या आवाराचं बेडं, म्हणजे फाटक, उघडलं, की आधी तुमची कुत्र्याशी ओळख करून दिली जाते. "खंड्या, घरचंच माणूस!" असं ओरडत बापू माडांखालून येतात. आवाज असा, की पलीकडच्या वाडीतल्या गाई मान वर करतात. मी चाळीस वर्षांपासूनची शेजारीण, तरी माझीही दर खेपेला ओळख. "ह्या माई. हातात काठी आहे, पण ती गुडघ्यासाठी." एकदा असाच 'घरचा' म्हणून आत घेतलेला गृहस्थ विहिरीवरचा पंप घेऊन गेला. "खंड्याचा दोष नाही हो," बापू म्हणाले, "ओळख मीच करून दिली."

त्यांची बायको, सुधावहिनी, यावर तोंडाला पदर लावून हसायच्या. मग त्यांच्या गालांवर लाल चट्टे उठले, बोटांचे सांधे सुजले, उन्हात गेलं की ताप. डॉक्टरांनी ल्युपस सांगितला. मी शाळेत शास्त्र शिकवलेलं, म्हणून बापूंनी रिपोर्ट माझ्यापुढे ठेवले.

मी म्हटलं, "शरीरात राखणदार पेशी असतात. जंतू आला की एक पेशी निरोप धाडते. इंटरफेरॉन म्हणतात त्याला. मग बाकीच्या धावून येतात. वहिनींच्या शरीरात स्वतःच्याच मेलेल्या पेशींचा कचरा बघून निरोप सुटतो आणि थांबतच नाही. त्यातून घरावरच चालून जाणारी प्रतिपिंडं तयार होतात. ती आता मूत्रपिंडापर्यंत पोचलीयत."

"म्हणजे चोर नाहीच?"

"नाही."

"एक भुंकला म्हणून सगळे भुंकतायत?"

"तसंच."

दुसऱ्या दिवसापासून बापू गोळ्या देताना वहिनींच्या सुजलेल्या मनगटाशी तोंड नेऊन ओरडायला लागले, "अरे, घरचीच आहे!"

"हळू हो," वहिनी म्हणायच्या, "पेशी काही बहिऱ्या नाहीत."

"बहिऱ्याच. नाहीतर एव्हाना ऐकलं असतं."

गेल्या वर्षी दोन महिने इस्पितळात काढून वहिनी घरी आल्या. स्टेरॉइडनं चेहरा गोल सुजलेला, केस विरळ. मी पेज घेऊन बेड्याशी उभी होते. त्या रिक्षातून उतरल्या आणि खंड्या दात विचकून त्यांच्यावर भुंकला. रोज ज्यांच्या हातचा भात खाल्ला, त्यांच्यावर. वहिनींनी पदर चेहऱ्यावर ओढून घेतला.

मी बापूंच्या आरोळीची वाट बघत होते. ती आली नाही. ते तांबड्या मातीत खाली बसले, खंड्याची मान कुशीत घेतली आणि मला जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "घरचीच आहे रे. नीट बघ."

खंड्यानं वहिनींचे पाय हुंगले. शेपटी हलवली. त्याला पटलं.

पेशींना पटलं नाही. वहिनी आषाढात गेल्या.

परवा संध्याकाळी मी बेडं उघडलं, तर कुणी ओरडलं नाही. बापू पायरीवर बसून वहिनींचं जुनं पातळ खंड्याच्या नाकाशी धरत होते.

"हे काय, बापू?"

"रोज देतो हुंगायला," ते म्हणाले. "एकदा विसरला होता. पुन्हा विसरता नये."