केशरबाईचा एकुलता भाऊ

परतूरहून सगुणाबाईचा फोन आला, तो जालन्याच्या मस्तगडातल्या सर्जेरावांच्या घरी. खरखर इतकी, की सर्जेरावांना दोनच शब्द ऐकू आले. ते त्यांनी शेजारच्या केशरबाईला जड आवाजात सांगितले, "कडूबा गेले."

कडूबा म्हणजे केशरबाईचा एकुलता भाऊ, सगुणाबाईचा नवरा. लग्नातल्या आहेरावरून बहीण-भावाचं बिनसलं होतं आणि "तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई," असं केशरबाई बोलून बसली होती. कधी गेला, कशानं गेला, हे तिला विचारायचं होतं. पण तेवढ्यात तिची जाऊ नंदाबाई हिनं हंबरडा फोडला. नंदाबाई रडली सर्जेरावांचा चेहरा पाहून, केशरबाई रडली नंदाबाईला पाहून आणि गल्ली रडली दोघींना पाहून. अशा वेळी "नक्की का?" विचारणारा माणूस दगडाच्या काळजाचा ठरतो. सर्जेरावांसकट जीप निघाली.

परतूरला दारातच केशरबाईनं "माझ्या भावा रे!" म्हणून टाहो फोडला. सगुणाबाई हादरली. नवरा सकाळीच जालन्याला गेलेला, तसं तिनं फोनवर कळवलेलंही, आणि आता जालन्याची माणसं रडत दारात! तिनं ऊर बडवला. ते पाहून जालनेकरांची उरलीसुरली शंका फिटली. शेजारणी तर काही न विचारताच रडायला बसल्या.

बराच वेळ गेला. परतूरकरांना वाटे, प्रेत जालन्याहून येईल. जालनेकरांना वाटे, आतल्या खोलीत असेल. विचारणार कोण?

एवढ्यात कडूबा आला. तोही डोळे पुसत.

"अरे, तू हाईस?" केशरबाई किंचाळली. "मंग रडून कामून राह्यला?"

"आक्का, तुझा रुसवा काढायला गेल्तो. घराला कुलूप. सारी गल्ली म्हणे, केशरबाईचा भाऊ वारला."

"मला भाऊ एकच हाय, येड्या!"

"तेच म्हणलो मी. पण एवढी माणसं खोटं कशाला बोलतील? मंग माझीच खात्री न्हाई राह्यली."

केशरबाईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि ती पुन्हा रडायला लागली. या वेळी कोणाकडंही न पाहता.

"च्या टाकते," सगुणाबाई म्हणाली.

"नको. मी दुखोट्याला आल्ते. रुसवा तसाच हाय."

दुखवट्याच्या घरून निघताना 'येते' म्हणत नाहीत, मुकाट उठतात. केशरबाई उठली, तसे सगळेच मुकाट उठले आणि जीपमध्ये जाऊन बसले. कडूबा दारात खाली मान घालून उभा होता.

जीप सुरू झाली. केशरबाई ती थांबवून खाली उतरली आणि उंबऱ्यापर्यंत परत गेली.

"येते रे," ती म्हणाली.